दुमडलेले कोपरे

२ फेब्रुवारी, सोमवार

ही वही पोटासाठी आहे. डॉक्टर म्हणाले, जळजळ कधी होते, त्याआधी काय खाल्लं, काय घडलं ते दोन महिने रोज लिहा आणि मला आणून दाखवा. बायको घरी शिवणकाम करते. तिने मापं लिहायची एक कोरी वही काढून दिली आणि वर म्हणाली, "काय खाल्लं ते कशाला लिहायचं? कोण काय बोललं ते लिहा, तुमचं पोट त्यानेच बिघडतं."

तर लिहितो. सकाळी दोन पाव, चहा. अकरा वाजता मोठ्या साहेबांचं बोलावणं. मोठे साहेब म्हणजे आमच्या सरकारी रुग्णालयाचे अधीक्षक. म्हणाले, "तुम्हाला भांडारातून रेकॉर्डरूममध्ये घेतोय. आजपासून." साथीत सगळंच बसलं, म्हणून सरकारने पुनरुभारणी निधी काढला आणि त्यातून देशाचा सगळा कारभार संगणकावर न्यायचं ठरवलं. दुकानं, कारखाने, कचेऱ्या, दवाखाने, सगळं. आमच्या वाट्याला रुग्णांची कार्डं आली आहेत. अडतीस हजार चारशे. ३१ मार्चपर्यंत सगळी संगणकात गेली तर निधीचा दुसरा हप्ता येणार आणि त्यातून रुग्णालयाचा स्वतःचा ऑक्सिजन प्लांट होणार. नाही गेली तर हप्ता दुसऱ्या जिल्ह्याला.

साथीत ऑक्सिजन कसा संपला ते या इमारतीत कुणाला सांगावं लागत नाही. माझ्याआधीचे रेकॉर्डकीपर त्यातच गेले. म्हणून तर जागा रिकामी होती.

जळजळ साडेअकरापासून. दुपारी जेवलो नाही, तरी कमी नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

रेकॉर्डरूम पाहिली. तळमजल्यावर, पूर्वेला तीन उंच खिडक्या, बाकी नुसते रॅक. कार्डं जाड पिवळट कागदाची, वहीच्या पानाएवढी. भिंतीवर धुळीने माखलेलं एक परिपत्रक: 'कार्डावर डॉक्टरांखेरीज कोणीही काहीही लिहू नये. लिहिल्यास कारवाई करण्यात येईल.' मला असा स्पष्टपणा आवडतो. ओल्या फडक्याने पुसून ते दाराजवळ, सगळ्यांना दिसेल असं लावलं.

सहा ऑपरेटर मिळालेत, सगळे कंत्राटी. त्यांच्यात एक चष्मेवाली आहे, ती जरा जास्त प्रश्न विचारते. दोन स्कॅनर आहेत. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर देशाचा नकाशा आहे, त्यावर प्रत्येक रुग्णालयाचा एक ठिपका. आमचा लाल. शेजारच्या जिल्ह्याचा हिरवा झालासुद्धा. तो हिरवा ठिपका पाहिल्याबरोबर आंबट ढेकर आला, ही नोंद डॉक्टरांसाठी.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

रोज आठशे कार्डं व्हायला हवीत. झाली तीनशे दहा. कारण काय, तर कोपरे! दर वीस-पंचवीस कार्डांमागे एकाचा वरचा उजवा कोपरा दुमडलेला. थोडाथोडका नाही, चांगला त्रिकोणी, नखाने दाबून पक्का केलेला. काहींचा खालचा डावाही. ते कार्ड स्कॅनरमध्ये गेलं की अडकतं, मागची पाच-सहा त्याच्यावर चढतात, मग झाकण उघडा, ओढून काढा, पुन्हा सुरू करा. लोकांना सरकारी कागदाची काही कदर नाही. पुस्तकात खूण म्हणून पान दुमडतात तसं कार्ड दुमडायचं!

भांडारात माझ्या हाताखाली एवढ्या चादरी होत्या, पण एकीची घडी कधी चुकली नाही. इथे येऊन बघावं तर हा गबाळेपणा.

९ फेब्रुवारी, सोमवार

तोडगा सापडला. हिची जुनी इस्त्री घेऊन गेलो. टेबलावर चादर अंथरली, दुमडलेली कार्डं बाजूला काढायला एक जण बसवला आणि मी स्वतः इस्त्री फिरवली. कोपरा असा सपाट झाला की कधी दुमडला होता हे सांगूनही पटणार नाही. दिवसभरात सातशे नव्वद कार्डं! एकही अडकलं नाही.

इस्त्री न्यायला ही कुरकुरत होती. "कागदावर फिरवून तिचा तळ खराब कराल." मी म्हटलं, देशाच्या पुनरुभारणीला तुझा हातभार. ती म्हणाली, "मग देशाला सांगा, दुसरी घेऊन द्या."

पोट बरं. रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१० फेब्रुवारी, मंगळवार

नवी अडचण. पडद्यावर नाव, वय, पत्ता, फोन, आजार असे रकाने आहेत आणि शेवटी 'ॲलर्जी'. तो भरल्याशिवाय पुढचं कार्ड उघडतच नाही. चष्मेवालीने विचारलं, "सर, कार्डाच्या पुढच्या बाजूला याबद्दल काहीच लिहिलेलं नसतं. मागच्या बाजूचं डॉक्टरांचं अक्षर वाचता येत नाही. काय टाकू?"

निधीच्या सल्लागार बाईंना फोन लावला. त्या रोज चार वाजता आकडा विचारायला फोन करतात, आज मीच आधी केला. म्हणाल्या, "आहे किंवा नाही, एवढे दोनच पर्याय आहेत. रिकामं सोडलं तर कार्ड अपूर्ण धरलं जातं आणि ठिपका लालच राहतो."

मी हुकूम देऊन टाकला: लिहिलेलं नसेल तर 'नाही' टाका आणि पुढे व्हा. चष्मेवाली म्हणाली, "पण सर, लिहिलेलं नाही म्हणजे ॲलर्जी नाहीच, असं कसं म्हणायचं?" मी म्हटलं, "बाई गं, संध्याकाळपर्यंत आठशे करायचीत." तिने मान खाली घातली आणि कामाला लागली. हुशार आहे, पण काथ्याकूट फार करते.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ठिपका नारिंगी झाला! मोठ्या साहेबांनी स्वतः खाली येऊन हात मिळवला. इस्त्रीचा प्रयोग त्यांनी सल्लागार बाईंना फोटो काढून पाठवला, आणि बाईंनी म्हणे तो इतर जिल्ह्यांना पाठवला. 'स्थानिक पातळीवरील अभिनव उपाय' असं शीर्षक देऊन. हिला दाखवलं तर हिने फोटोत फक्त इस्त्रीचा तळ पाहिला.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज ड्रेसरमामा दारात उभे राहिले. जखमा बांधणारे आमचे जुने कर्मचारी, निवृत्तीला वर्ष राहिलंय. बराच वेळ इस्त्रीकडे बघत होते. मग म्हणाले, "साहेब, ते कोपरे सरळ करताय, ते मोठ्या सिस्टरांना विचारलंत का?"

मोठ्या सिस्टर म्हणजे इंजेक्शनखोलीच्या प्रमुख. आईच्या आजारपणासाठी जानेवारीपासून लांब रजेवर आहेत. मी म्हटलं, "त्यांचा काय संबंध?"

"नाही, त्याच दुमडायच्या. मी पाहिलंय. कशाला ते काही मला ठाऊक नाही."

"मामा, एवढ्या शिस्तीच्या बाई कार्डं कशाला दुमडतील?"

"मी आपलं कानावर घातलं," म्हणाले आणि गेले.

मोठ्या सिस्टरांना मी ओळखतो. भांडारातून कापूस नेताना बंडल मोजून सही करणारी बाई. मामांचं वय झालंय, कुणाचं काय कुणाला चिकटवतात. तरी दुपारी उगाच मळमळलं. जेवणात उकडलेला बटाटा होता, तो कच्चा असणार.

३ मार्च, मंगळवार

इंजेक्शनखोलीतही आता पडदा लागला. कार्ड मागवायचं कामच नाही, नंबर टाकला की सगळं समोर. तिथे निधीतूनच एक नव्या सिस्टर नेमल्यात, चटपटीत आहेत. म्हणाल्या, "तुमच्यामुळे रांग निम्मी झाली. पूर्वी म्हणे प्रत्येकाला विचारत बसायचे." मला बरं वाटलं. त्यांची एकच तक्रार, काही म्हातारी माणसं दहादा नाव पुकारलं तरी बाकावरून उठत नाहीत, ढिम्म बसून राहतात. मी म्हटलं, वयाचा मान द्या, जवळ जाऊन हाक मारा.

९ मार्च, सोमवार

आता रोज हजारावर कार्डं होतात. अठ्ठावीस हजार पूर्ण. सल्लागार बाईंनी पुढचं पत्र पाठवलं. काम संपल्यावर रेकॉर्डरूम रिकामी करायची, तिथे सर्व्हर बसणार. कार्डं ३० तारखेला कागदगिरणीच्या ट्रकमधून लगद्याला जाणार. त्याआधी रेकॉर्डकीपरने, म्हणजे मी, दाखला द्यायचा: 'मूळ अभिलेखातील सर्व माहिती संगणकात आली असून मूळ कागदाची यापुढे आवश्यकता नाही.' हा दाखला गेल्याशिवाय ठिपका हिरवा होणार नाही. खाली माझं नाव छापूनच आलंय. स्वतःचं नाव छापलेलं पाहून छाती फुगली. मग लगेच धडधडायला लागलं. छातीचं दुखणंही लिहायचं का, डॉक्टरांना विचारायचं राहिलं.

२० मार्च, शुक्रवार

क्रमाने लिहितो.

साडेदहाला इंजेक्शनखोलीतून आरडाओरडा. धावत गेलो. जमिनीवर पोस्टमन. आमच्याच भागात टपाल वाटतो, ओळखीचा माणूस. पायाच्या जखमेसाठी पेनिसिलीन दिलं आणि पाच मिनिटांत घसा बंद. चेहरा सुजून असा झालेला की मी गणवेशावरून ओळखला. डॉक्टर आले, सुया टोचल्या, नळी घातली. अर्ध्या तासाने म्हणाले, वाचेल बहुतेक. अतिदक्षता विभागात नेला.

नव्या सिस्टर भिंतीला टेकून एकच वाक्य बोलत होत्या, "मी पडदा बघितला होता. मी पडदा बघितला होता." पडदा अजून चालूच होता. ॲलर्जी: नाही.

आणि पोस्टमनची बायको दारात ओरडत होती, "त्यांच्या कार्डावर खूण आहे! मागल्या खेपेला असंच झालं होतं, तेव्हा मोठ्या सिस्टरांनी आमच्यादेखत कोपरा दुमडला होता! म्हणाल्या, आता चिंता करू नका, कुणी विचारल्याशिवाय टोचणार नाही! कुठंय ते कार्ड? कार्ड आणा!"

कुणी तिच्याकडे लक्ष देत नव्हतं. बाई घाबरून काहीबाही बोलतेय असंच सगळ्यांना वाटलं. मी ऐकलं.

२१ मार्च, शनिवार

पाणीसुद्धा टिकलं नाही.

२२ मार्च, रविवार

शांतपणे विचार केला. रकाना मी बनवलेला नाही. दोनच पर्याय ठेवले ते मी ठेवलेले नाहीत. 'नाही' टाका हे मी तोंडी सांगितलं, तसा लेखी कागद कुठेही नाही. कोपऱ्यांचा अर्थ मला कुणी सांगितला नव्हता. (ड्रेसरमामांनी अर्धाच सांगितला.) इस्त्रीचा फोटो मात्र सगळीकडे गेलाय. त्यात मी हसतोय.

वाचून पाहिलं. ज्याने काही केलं नाही त्याला एवढी कारणं लिहावी लागत नाहीत.

२३ मार्च, सोमवार

पोस्टमन शुद्धीवर आला. बोलता येत नाही अजून.

नव्या सिस्टरांना नोटीस. 'रुग्णास पूर्वेतिहास न विचारता इंजेक्शन दिले.' त्या जिन्यात रडत बसल्या होत्या. मला बघून उठून उभ्या राहिल्या, साहेब आले म्हणून. मी खाली मान घालून निघून गेलो.

दुपारी धीर करून मोठ्या सिस्टरांना फोन लावला. मागे त्यांच्या आईचं कण्हणं ऐकू येत होतं. मी विचारलं, "सिस्टर, कार्डाचा कोपरा दुमडलेला असला की त्याचा अर्थ काय?"

"वरचा उजवा म्हणजे टोचण्याआधी थांबा, आधी नीट विचारा. याला कशाचा तरी त्रास झालेला आहे," त्या म्हणाल्या. "खालचा डावा म्हणजे कमी ऐकू येतं, मोठ्यानं बोला. का हो?"

"मग लिहिलं का नाही?"

"लिहायचं कसं? परिपत्रक आहे ना. डॉक्टरांखेरीज कुणी लिहायचं नाही. एका मुलीने लाल पेनाने लिहिलं होतं, तिची बदली झाली. दुमडायला बंदी नव्हती. एकोणीस वर्षं चाललंय, कधी चूक झाली नाही. सगळ्या मुलींना मी शिकवलं होतं. त्या आता साथीनंतर कुठेकुठे पांगल्या." मग त्या म्हणाल्या, "का विचारताय तुम्ही? कार्डं ठीक आहेत ना?"

मी म्हटलं, "सपाट केली."

त्यांनी विचारलं, "किती?"

दर वीस-पंचवीस कार्डांमागे एक धरलं तर दीड हजारांवर माणसं होतात. हा आकडा मला फोनवर सांगता आला नाही.

२४ मार्च, मंगळवार

आज हिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं रागावेल. ती शिवणयंत्र थांबवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "एक कार्ड आणलंय?"

खिशात पोस्टमनचं होतं. का घेऊन आलो होतो कुणास ठाऊक. तिने ते खिडकीशी नेलं, उन्हात तिरपं धरलं, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "ही बघा. इस्त्रीने घडी दबते, जात नाही. कापडाची जाते धुतल्यावर, पण कागद एकदा मोडला की मोडला." मला बोलावून माझा अंगठा धरून त्यावर फिरवला. बारीक रेघ होती. खरंच होती!

मला रडू आलं. बावन्न वर्षांचा माणूस, पण आलं. ती म्हणाली, "रडताय काय? कार्डं आहेत ना अजून?"

आहेत. ३० तारखेपर्यंत.

२६ मार्च, गुरुवार

मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. सल्लागार बाईही समोर बसल्या होत्या. अंगात होतं नव्हतं तेवढं बळ गोळा करून सगळं सांगितलं: कोपरे, इस्त्री, 'नाही', आणि तो हुकूम माझा होता हे. नव्या सिस्टरांचा दोष नाही हेही.

साहेब डोकं धरून बसले. "हे आज सांगताय? पाच दिवस राहिले असताना?"

मी विचारलं, "निदान शंका असलेल्या सगळ्यांपुढे 'माहीत नाही' टाकता येईल का?"

बाई म्हणाल्या, "प्रणालीत तसा पर्याय नाही. घालायचा तर राजधानीतून मंजुरी लागेल, दोन महिने जातील. आणि तेवढी कार्डं अपूर्ण धरली जातील." त्या काही वाईट नाहीत. त्यांनी पाणीही पुढे केलं. पण बोलताना त्यांचा डोळा नकाशावरच होता.

त्या गेल्यावर साहेबांनी दार लावलं. "हे बघा, सही करून टाका. हप्ता येऊ द्या. मग सावकाश दुरुस्त करू."

"साहेब, मग कागद नसेल. रेघ फक्त कागदावर आहे."

"आणि प्लांट? तुम्ही होतात ना इथे साथीत? त्या आठवड्यात किती माणसं गेली, मोजली होतीत? मी मोजली होती. पुन्हा साथ आली तर त्या लोकांना काय सांगू, आमच्या रेकॉर्डकीपरला कोपऱ्यांची काळजी होती?"

त्यांचं खोटं नाही. मी बाहेर येऊन जिन्यात, नव्या सिस्टर बसल्या होत्या त्याच पायरीवर बसलो. दोन्हीकडे माणसंच आहेत. इकडची मला माहीत आहेत, निदान त्यांची कार्डं तरी.

२८ मार्च, शनिवार

दाखला दप्तरातून घरी आणला. तीनदा पेन उघडलं. एकदा पहिलं अक्षर काढण्याइतकं टोक कागदाला टेकलं, तिथे एक ठिपका पडलाय. तो निळा आहे.

ही दोन वेळा खोलीत डोकावून गेली.

३० मार्च, सोमवार

ट्रक नऊ वाजता आला. ड्रायव्हर भला माणूस. म्हणाला, "साहेब, चिठ्ठीवर सही द्या, माल भरतो."

मी म्हटलं, "सही नाही."

"मग केव्हा येऊ?"

"येऊ नका."

तो हसला. "मला फेरीचे मिळतात हो. तुम्ही रिकामा पाठवलात तर मला कुणी विचारणार नाही, पण तुम्हाला विचारतील." मी मान हलवली. तो ट्रक मागे घेत असताना वरच्या खिडकीत मोठे साहेब उभे दिसले. मी रेकॉर्डरूममध्ये गेलो आणि आतून कडी लावली.

मग दार वाजलं. चष्मेवाली होती. "सर, माझं कंत्राट उद्या संपतंय. आज काय करू?"

मी तिला खिडकीशी नेऊन रेघ दाखवली. तिने चष्मा काढला, कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाली, "बोटाला जास्त कळतेय."

३१ मार्च, मंगळवार

ठिपका पुन्हा लाल. संध्याकाळी पाचला मला नोटीस मिळाली. नव्या सिस्टरांची मागे घेतली आहे, त्याच फाइलमध्ये फक्त नाव बदललंय. चौकशी होईपर्यंत कार्डं हलवायची नाहीत असंही त्यात आहे, म्हणजे ती राहिली. मोठ्या साहेबांनी कागद हातात न देता शिपायाबरोबर पाठवला.

पोटाचं काय झालं ते लिहायचं विसरलो.

४ एप्रिल, शनिवार

सकाळी आठ ते अकरा खिडक्यांतून तिरपं ऊन येतं. तेवढाच वेळ रेघ नीट दिसते, नंतर नुसता अंगठा. चष्मेवाली बिनपगारी येते. नव्या सिस्टर ड्यूटीच्या आधी तासभर येतात, मला अजून 'साहेब' म्हणतात, मला ते ऐकवत नाही. ड्रेसरमामांचा अंगठा औषधांनी जाड झालाय, त्यांना काही लागत नाही, ते गठ्ठे उचलून देतात. मी त्यांची माफी मागितली. म्हणाले, "अहो, मी तरी कुठे धड सांगितलं!"

ही पण येते, शिवण बाजूला ठेवून. सगळ्यांत भरभर तीच करते. डोळे मिटून करते. आतापर्यंत अकरा हजार कार्डं पाहिली, चारशे बासष्ट सापडली. संगणकात दुरुस्ती करायला परवानगी नाही, म्हणून इंजेक्शनखोलीत कागदावर नावांची यादी लावलीय. राजधानीतून कोणी आलं तर तेवढ्यासाठीही आणखी एक नोटीस मिळेल.

काल यादीतली एक बाई आलीच इंजेक्शनला. नव्या सिस्टरांनी थांबवून विचारलं. तिला सल्फाच्या औषधांचा त्रास होता.

७ एप्रिल, मंगळवार

आजपासून फोन. ज्यांची रेघ सापडली त्यांना विचारायचं, कुठल्या औषधाचा त्रास झाला होता? काही जण दुसऱ्या गावी गेलेत, तिथल्या दवाखान्यातही आता आमचाच पडदा उघडतो. सगळा देश एकच केलाय ना. तिथे कुठली यादी लावणार? म्हणून फोन.

पहिल्या पंधरांत सहा उचलले. दोघांना औषधाचं नाव माहीत होतं. एकाने मला विमा विकणारा समजून झापलं.

सोळावा फोन एका बाईंनी उचलला. कार्डावर वय एकाहत्तर, व्यवसाय शिक्षिका, निवृत्त. दोन्ही कोपऱ्यांवर रेघ होती, म्हणून मी मोठ्याने बोलत होतो. खोलीतले सगळे ऐकत होते. म्हटलं, "रुग्णालयातून बोलतोय! तुम्हाला कुठल्यातरी औषधाचा मोठा त्रास झाला होता! आठवतंय का?"

"न आठवायला काय झालं? जाता जाता वाचले मी!"

"औषध कोणतं होतं?"

"ते तुमच्या सिस्टरांना ठाऊक. चांगल्या होत्या हो. मी म्हटलं होतं, बाई, मला नाव लिहून द्या. तर म्हणाल्या, तुम्ही कागद हरवाल, आमच्याकडे राहू दे, आमच्याकडे कधी हरवत नाही." मग त्या म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही फोन केलात. मुलीकडे राहायला आलेय, इथे पुढच्या आठवड्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. इथले डॉक्टर हेच विचारत होते, त्यांच्या संगणकात काही नाही म्हणे. आता सांगते त्यांना. थांबा हं, ठेवू नका."

मी थांबलो. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, खण उघडल्याचा आला, मुलीला विचारणं ऐकू आलं की माझी पेन्सिल कुठे टाकलीत. मी कार्ड उलटून मागचं डॉक्टरांचं अक्षर उजेडात धरलं. चष्मेवाली उठून आली, तिनेही पाहिलं, आणि माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. औषधाचं नाव तिलाही लागलं नाही.

"हं, आले," बाई म्हणाल्या. "सांगा सावकाश. काय लिहू?"